शुक्रवार, शनिवार, रविवार पाळणाऱ्या बाई

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावच्या रुग्णालयात नोकरी लागली तेव्हा मी राहायला खोली शोधत होते. पहिल्याच घराच्या मालकीणबाईंनी माझं नोकरीचं पत्र मागितलं नाही, की आधीच्या घरमालकाची चिठ्ठी मागितली नाही. दारात उभं राहून, चष्म्याच्या वरून बघत त्यांनी विचारलं, "तुमच्यात देव किती?"

मी बॅग हातात घेऊन पावसात उभी होते. घाईघाईनं म्हणाले, "तेहतीस कोटी म्हणतात. पण माझी सगळ्यांशी ओळख नाही."

"कोटी म्हणजे?"

"एकावर सात शून्यं."

बाईंचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग त्या बाजूला सरकल्या. "आत ये," त्या म्हणाल्या. "याला वेळ लागणार."

आत गेले ती चार वर्षं तिथेच राहिले.

बाई म्हणजे उंच, हाडापेराने मजबूत, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. घरातसुद्धा पावसाळी कोट घालून वावरायच्या, कारण हीटर लावायचा की नाही याचा निर्णय त्यांचा दुपारपर्यंत होत नसे. तरुणपणी त्या जोगीण होत्या, कॅथलिक मठातल्या. मग मठ सोडला आणि तीस-बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत धर्म हा विषय शिकवला. गावातली निम्मी माणसं त्यांना अजून 'सिस्टर' म्हणायची. मी 'बाई' म्हणायचे. अर्थ विचारल्यावर मी सांगितलं की आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात आणि कुठल्याही स्त्रीलाही म्हणतात. "दोन्ही लागू पडतंय," त्या म्हणाल्या, आणि पुढे फोनवरसुद्धा स्वतःची ओळख 'बाई बोलतेय' अशी करून द्यायला लागल्या. पलीकडचा माणूस गोंधळून जायचा.

आयर्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या कपाटाला 'प्रेस' म्हणतात. पहिल्या आठवड्यात बाईंनी "तुझं सगळं प्रेसमध्ये ठेव" म्हटल्यावर मी इस्त्रीवाला कुठे बसतो ते शोधत होते. त्या प्रेसच्या दाराला आतून तीन कॅलेंडरं लावलेली होती. एक ज्यू लोकांचं, एक ख्रिस्ती, एक मुसलमानांचं. तिन्हीवर बाईंच्या बारीक अक्षरातल्या खुणा. आणि या तिन्हींचा मान राखायचा म्हणून त्या आठवड्यातले तीन दिवस पाळायच्या. शनिवारी शिवण, इस्त्री, बागकाम बंद. रविवारी चर्च आणि नंतर भाजलेलं मटण. शुक्रवारचं मात्र त्यांनी नीट वाचून ठरवलं होतं.

"शुक्रवारी दिवसभर काम बंद ठेवा असं कुराणात कुठेही नाही," त्या मला बजावायच्या. "दुपारची नमाज झाली की पांगा आणि कामाला लागा, असं आहे. म्हणून मी शुक्रवारी फक्त एक ते दोन बसते."

"पण बाई, तुम्ही तर कॅथलिक."

"मी कॅथलिकच आहे. पण दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते न बघता आपलं घर चांगलं असं कसं म्हणायचं?"

त्यांना शिकवायची सवय इतकी की ताट वाढतानाही धडा सुरू व्हायचा. आणि कुठलाही धडा अब्राहमपासून. जुन्या संदेष्ट्यांना त्या गावातल्या ओळखीच्या माणसांसारखं 'युअर मॅन' म्हणायच्या. इथली तशी बोलायचीच पद्धत आहे, 'तो आपला अमका' म्हणावं तशी. "युअर मॅन अब्राहम," काटा माझ्याकडे रोखून त्या सांगायच्या, "पंचाहत्तर वर्षांचा होता घर सोडलं तेव्हा. पंचाहत्तर! आवाज आला, ऊठ, चल. कुठे? ते नंतर सांगतो. आणि तो निघाला! मी पंचाहत्तरची झाले त्या दिवशी सकाळपासून तयार होऊन बसले होते. बेल वाजली. गॅसचा मीटर बघायला आला होता."

अब्राहमच्या मागून मोझेस यायचा. 'युअर मॅन मोझेस', बोलताना अडखळणारा, आणि देवानं नेमकं त्यालाच भाषणं करायला पाठवलं. येशूला मात्र त्या 'अवर लॅड' म्हणायच्या, आपला पोरगा. आणि मुहम्मद पैगंबरांचं नाव आलं की चमचा खाली ठेवून पूर्ण नाव घ्यायच्या, कारण त्यांच्या बुधवारच्या चहाला एक सुदानी डॉक्टर यायचा, त्याला ते तसंच आवडायचं.

तिन्ही धर्मांतला फरक त्यांनी मला एकदा भांडी पुसता पुसता सांगितला. तो मला पुस्तकांतूनही इतका नीट कळला नसता. "देव एकच, यावर तिघांचं एकमत. युअर मॅन अब्राहमवरही एकमत. ज्यू म्हणतात, देवानं आमच्याशी करार केला, मोझेसच्या हाती नियम दिले, ते पाळत आम्ही वाट बघतोय, मसीहा यायचाय. आम्ही म्हणतो, आला की! देव स्वतःच माणूस होऊन आला, आम्ही त्याला खिळे ठोकून मारला आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. मुसलमान म्हणतात, येशू आला हे खरं, मोठा संदेष्टा होता, पण देवाला कुठला मुलगा? शेवटचा निरोप मुहम्मद पैगंबरांकडे आला, आता त्या एका देवापुढे वाका आणि गरिबाला विसरू नका."

"आणि अब्राहमनं मुलाचा बळी द्यायला घेतला तो?"

"आयझॅकचा, असं ज्यू आणि आम्ही म्हणतो. इश्माएलचा, असं मुसलमान मानतात. त्यावरून माझ्या टेबलावर दोनदा चहा सांडलाय. मेंढ्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही. तिन्ही ठिकाणी मेला तोच."

गणपतीत माझी पंचाईत झाली. मी वरच्या खोलीत कपाटावर वीतभर पितळी मूर्ती बसवली होती. बाई वर आल्या, कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "युअर मॅन अब्राहमच्या बापाचं अशा मूर्तींचं दुकान होतं म्हणतात," त्या म्हणाल्या. "पोरानं हातोडा घेतला आणि सगळ्या फोडल्या. ज्यूंच्या जुन्या गोष्टीत आहे, कुराणातही आहे."

मी गणपतीच्या पुढे जाऊन उभी राहिले. "बाई, खाली दिवाणखान्यात तुमची मेरी आहे, पुरुषभर उंचीचा येशू आहे, जिन्यात तीन संत आहेत."

"ते वेगळं."

"कसं?"

बाईंनी पलंगावर बसून मला देव माणूस झाला म्हणून त्याचं चित्र कसं चालतं ते पाऊण तास समजावलं. त्यावरून ख्रिस्ती लोकांतही केवढ्या मारामाऱ्या झाल्या तेही सांगितलं. शेवटी उठताना मूर्तीकडे बघून म्हणाल्या, "पाहुण्याच्या जेवणाचं काय?" मी मोदक केले होते. त्यांनी चार खाल्ले.

बुधवारचा चहा हा त्या घरातला खरा कार्यक्रम. बुधवारच का, तर तो तिघांपैकी कुणाचाच नाही म्हणून. येणारी माणसं दोन. एक तो सुदानी डॉक्टर, आमच्याच रुग्णालयात मुलांच्या विभागात रजिस्ट्रार, शांत आणि अतिशय सभ्य. दुसरे म्हातारे घड्याळवाले. बाजारपेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता बंद. त्यांचे आजोबा लिथुआनियातून बोटीनं आले, आणि आता अख्ख्या गावात ज्यू म्हणून ते एकटेच उरले होते. लग्न केलं नव्हतं. बाईंशी त्यांचं चाळीस वर्षांचं भांडण होतं आणि दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

शनिवार ज्यूंचा कामबंदीचा वार; त्या दिवशी ते दिवा लावत नसत की हीटर पेटवत नसत. दुसऱ्याला 'लाव' असंही थेट सांगता येत नाही. फक्त सुचवायची सोय आहे. म्हणून दर शनिवारी दुपारी बाई त्यांच्या घरी जायच्या. एकदा मीही बरोबर होते.

"आज जरा गारठा आहे," म्हातारे भिंतीकडे बघत म्हणाले.

"आहे खरा," म्हणत बाई खुर्चीत बसून राहिल्या.

"बोटं वाकत नाहीयेत."

"वय झालं तुमचं."

"एखाद्याला वाटलं असतं, की खोली ऊबदार असावी."

"वाटतं खरं एकेकाला."

म्हाताऱ्यांनी मोठा श्वास घेतला. "तू मठात असताना त्यांनी तुला हाकललं कसं नाही?"

"मी आपणहून निघाले," बाई म्हणाल्या आणि उठून हीटर लावला.

डॉक्टरवरही त्यांची अशीच करडी माया. रमझान आला की सूर्यास्ताची वेळ त्याच्यापेक्षा बाईंना जास्त पाठ. तो दिवसभराचा उपाशी, समोर खजुराची बशी, आणि बाई हातात घड्याळ घेऊन, "अजून दोन मिनिटं. हात मागे." एकदा तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, माझ्या फोनवर अजान झाली."

"तुझा फोन डब्लिनची वेळ दाखवतो. आपण डब्लिनच्या पश्चिमेला आहोत. सूर्य आपल्याकडे नंतर बुडतो." आणि खरंच, त्यांचं बरोबर होतं. स्वतः त्याही सकाळपासून चहाचा घोट न घेता बसलेल्या असायच्या. ते मात्र त्या कुणाला सांगत नसत. सिंकमध्ये एकही कप विसळलेला नसायचा, त्यावरून मला कळायचं.

मी राहायला आल्याच्या तिसऱ्या वर्षी घड्याळवाल्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना वृद्धाश्रमात हलवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये आम्ही भेटायला गेलो तर ते खिडकीकडे तोंड करून बसलेले.

"पुढच्या महिन्यात आईची तिथी आहे," ते म्हणाले. "पंचावन्न वर्षं चुकवलं नाही. दर वर्षी डब्लिनला जाऊन कद्दिश म्हणून आलो. यंदा इथले डॉक्टर गाडीत बसू देत नाहीत एवढा वेळ."

कद्दिश म्हणजे ज्यू मुलानं गेलेल्या आईबापासाठी म्हणायची प्रार्थना. ते मला बाईंनी गाडीत सांगितलं. त्यात मरणाचा एक शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष हजर लागतात.

"नऊ असले तर?" मी विचारलं.

"तर नाही."

"अहो, म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी... मी आणि डॉक्टर उभे राहू की."

बाईंनी गाडी चक्क रस्त्याच्या कडेला घेतली. "हे बघ, पोरी. त्याला खोटं समाधान नकोय. ते त्याला नर्स रोज देतात. दहा म्हणजे दहा."

त्यानंतरचा महिना आमचं घर निवडणूक कचेरीसारखं झालं. बाई फोनवर फोन लावत होत्या. डब्लिनहून सहा जण यायला तयार झाले, एका मोठ्या गाडीतून, पण संध्याकाळच्या आत परतायच्या बोलीवर. डब्लिनजवळच्या सँडीफोर्डच्या एका कंपनीतले दोघे इस्राएली इंजिनियर ईमेलवर हो म्हणाले. एक अमेरिकन पाहुणा बाईंना गावच्या वाचनालयात सापडला. तो बापाकडच्या आयरिश पूर्वजांची नावं शोधत बसला होता. बाईंनी सहज त्याच्या आईची चौकशी केली. आई ब्रुकलिनची ज्यू. "आई ज्यू म्हणजे तू ज्यू!" बाई वाचनालयात इतक्या मोठ्यानं ओरडल्या की ग्रंथपाल उठून आली. घड्याळवाले धरून दहा झाले.

जागेचा प्रश्न होता. वृद्धाश्रमाच्या प्रार्थनागृहात भिंतभर क्रूस, आणि बैठकीच्या खोलीतला टीव्ही बंद करायला कुणी तयार नाही. म्हणून बाईंचा दिवाणखाना ठरला. पण त्यातही क्रूस, मेरी, येशू. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "सगळं वर," त्या म्हणाल्या. वर म्हणजे माझ्या खोलीत.

येशू आम्ही दोघींनी उचलला. मेरी मोठी, चिनीमातीची, बाईंच्या आईकडून आलेली. तिला हात लावायला मी कचरत होते. डॉक्टर पुढे झाला. "कुराणात तिच्या नावाचं एक अख्खं प्रकरण आहे," तो म्हणाला. "तिला मी नेतो." लहान बाळाला धरावं तसं मानेखाली हात घालून त्यानं तिला जिन्यावरून वर नेलं आणि कपाटावर जागा नव्हती म्हणून माझ्या गणपतीला जरा सरकवून शेजारी ठेवली. मग फोनवरचं होकायंत्र काढून खाली आला. "मक्का इकडे. म्हणजे जेरुसलेम थोडं डावीकडे." ती दिशा नेमकी फ्रिजची निघाली; स्वयंपाकघरात मावत नाही म्हणून तो दिवाणखान्यात असायचा. फ्रिजवरचं सगळं बाईंनी काढून टाकलं, मतदानाची तारीख लिहिलेला कागदसुद्धा.

तो दिवस नोव्हेंबरातला, साडेचारला सूर्य बुडणार. त्याआधी प्रार्थना व्हायला हवी होती, कारण सूर्य बुडला की त्यांची तिथी संपली. दुपारी दोनपर्यंत सगळे जमले. घड्याळवाले चाकाच्या खुर्चीत, काळा कोट, दाढी केलेली. शेवटी सँडीफोर्डचे दोघे आले आणि बाई दारातच थबकल्या. ईमेलवर दोघांनी नावांची नुसती आद्याक्षरं टाकली होती. त्यातली एक मुलगी होती.

"मी चालते," ती मुलगी म्हणाली. "आमच्या प्रार्थनास्थळात बायका मोजतात."

सगळे म्हाताऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी हात चोळले. "माझ्या आईच्या वेळी मोजत नसत," ते हळूच म्हणाले. "मला माफ कर."

मला वाटलं, आता बाई फुटणार. पुरुषांनी बायकांना न मोजण्यावर त्यांची जी मतं होती ती मी जेवताना कित्येकदा ऐकली होती. त्यांचे कान लाल झाले. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आई त्यांची आहे." आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तुझ्या ओळखीचं कुणी आहे का ज्यू?"

"माझ्या? बाई, आमच्याकडे कुठले ज्यू!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत चौथीत गेले. "तू मराठी बोलतेस ना? बेने इस्राएल माहीत नाहीत तुला? तुमच्या कोकणात जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद. तुमचेच लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून, 'कर' लावून."

मी खुर्चीत बसले. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनला आमच्या मराठी मंडळात एक जण होता, तबला वाजवणारा, ठाण्याचा, आडनाव अलिबागकडच्या गावावरून. गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम शनिवारी असली की हा अंधार पडल्यावरच यायचा. मासे मिटक्या मारत खायचा, पण कोलंबीला हात लावत नसे. मी त्याला ॲलर्जी आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी फोन लावला. "अरे, एक विचारू? राग मानू नकोस. तू... तुम्ही लोक... ज्यू आहात का?"

पलीकडे तो हसायलाच लागला. "अगं, मी कधी लपवलं? तुम्ही कुणी विचारलंच नाही! का गं, काय झालं?"

मी सांगितलं. हसणं थांबलं. "कद्दिशला दहावा कमी आहे?" तो म्हणाला. "निघालोच. थांब, आई ओरडतेय मागून. ठाण्याहून आलीय ना ती, महिनाभर. तीही येतेय म्हणते."

अडीचला तो निघाला. सव्वातीनला मोटरवेवर गाड्या तुंबल्याची बातमी आली. डब्लिनचे सहा जण घड्याळं बघायला लागले. अमेरिकन पाहुण्यानं तीनदा विचारलं की हे असंच असतं का. घड्याळवाले नुसते खिडकीतून आभाळाकडे बघत होते, आणि डॉक्टर बाहेर थंडीत कोपऱ्यावर उभा राहून येणारी प्रत्येक गाडी न्याहाळत होता. चार वाजून पाच मिनिटांनी त्याची हाक ऐकू आली. डॉक्टरचा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तबलजी धावतच आत गेला, खिशातून गोल टोपी काढत. मागून त्याची आई, सहावार साडीवर जाड स्वेटर, हातात स्टीलचा डबा. "अगं बाय, केवढी ही थंडी!" असं म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात आली, डबा ओट्यावर ठेवला आणि बाईंचा हात हातात घेतला. डब्यात मलिदा होता, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, वेलची. गाडी निघेपर्यंतच्या दहा मिनिटांत तिनं तो केला होता.

दिवाणखान्याचं दार अर्धवट उघडं होतं. आम्ही चौघी अलीकडे स्वयंपाकघरात उभ्या राहिलो, बाई, मी, ती इस्राएली मुलगी आणि तबलजीची आई. दहा पुरुष फ्रिजच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. घड्याळवाल्यांनाही दोघांनी धरून उभं केलं होतं. त्यांनी म्हणायला सुरुवात केली. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मध्ये मध्ये सगळे मिळून 'आमेन' म्हणायचे आणि तेव्हा माझ्या शेजारून बाईंचं आणि तबलजीच्या आईचं 'आमेन' एकदम यायचं, एक आयरिश आणि एक कोकणी.

संपल्यावर तबलजीची आई पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "विचार गो हिला, हिची आई कधी गेली?"

मी विचारलं. नेहमीसारखं काहीतरी मजेशीर उत्तर येईल असं वाटलं. बाई सिंकला टेकून उभ्या राहिल्या.

"मी एकोणीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "मठात नवी. तेव्हा नियम होता, एकदा आत आलं की घरी जायचं नाही. कुणी मेलं तरी नाही. मी मुख्य जोगिणीला विचारलं. ती वाईट नव्हती. नाही म्हणाली. त्या दिवशी माझ्याकडे वऱ्हांडा पुसायचं काम होतं. तो मी पुसला."

मी मराठीत सांगितलं. तबलजीच्या आईनं ऐकून घेतलं आणि डब्यातला मलिदा मुठीत घेऊन बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो उभ्या उभ्या खाल्ला.

तिकडे दिवाणखान्यात एकच गडबड चालली होती. घड्याळवाले तबलजीला विचारत होते की जहाज नक्की कुठे फुटलं, आणि तो हातवारे करून नवगावचा किनारा दाखवत होता. डब्लिनचे सहा जण परत जायचं विसरून मलिदा खात होते. डॉक्टर बाहेरून आत येऊन त्यांच्यात बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्या दारावर टकटक केली. मी मेरी न्यायला आल्या असतील म्हणून दार उघडलं. त्यांनी चांगला कोट घातला होता.

"तुला आज सुट्टी आहे ना? मला एका ठिकाणी सोड."

तासाभराच्या अंतरावर डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. नोव्हेंबर इथे मृतांचा महिना, दफनभूमीत माणसं होती, फुलं होती. वाटेत त्यांनी सांगितलं की मठ सोडल्यापासून त्या दर वर्षी इथे यायच्या, त्यांच्या 'मॅम'च्या, म्हणजे आईच्या थडग्याशी. गवत काढायच्या, दगड धुवायच्या, निघायच्या. बोलायच्या नाहीत. आयुष्यभर बोलणाऱ्या बाई! "काय बोलणार? आधी माफी मागायची की आधी भांडायचं, तेच ठरेना."

मी चार पावलं मागे थांबले. बाई गुडघ्यांवर बसल्या. दगडाला हात लावला. मला वाटलं होतं तशी प्रार्थना नाही, अब्राहम नाही, काही नाही. नेहमीच्या आवाजात, स्वयंपाकघरातून पलीकडच्या खोलीत सांगावं तसं त्या म्हणाल्या, "मॅम, मी विचारलं होतं. त्यांनी सोडलं नाही."

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी त्यांना उठवलं. कोटावरची माती झटकत त्या दगडाकडे बघत राहिल्या.

"साठ वर्षं लागली," त्या म्हणाल्या, "आणि वाक्यं दोनच होती बघ."